यादीतले सत्तावीस हिअर

इंग्रजी येणारे वर्धा जिल्ह्यात पैशाला पासरी मिळतील, पण 'हिअर'वालं इंग्रजी येणारे तिघेच होते आणि त्यातले दोघं वारले, असं नालवाडीचे मधुकरराव छातीवर हात ठेवून सांगत. उरलेला तिसरा कोण, हे कोणाला विचारावं लागू नये म्हणून ते छातीवरचा हात काढतच नसत!

एकतीस वर्षं त्यांनी वर्ध्याच्या एका वकिलाकडे टाइपिंग केलं होतं. हिअरबाय, हिअरविथ, हिअरअंडर, हिअरटूफोर, हिअरइनबिफोर! खुद्द साहेबाच्या मुलखात हे शब्द लोकांनी केव्हाच माळ्यावर टाकले असतील. मधुकररावांच्या बोटांत मात्र ते अजून ताजे होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी आठवून आठवून असे एकोणीस शब्द एका वहीत उतरवले. दसऱ्याला टाइपरायटरसोबत त्या वहीलाही हळदकुंकू लागायचं.

"साधा अर्ज म्हंजे अळणी भाजी," ते म्हणत. "दोन हिअर टाकले का साहेब खुर्चीतून उठलाच समजा!"

कोपऱ्यावरच्या बंद दिव्यासाठी त्यांनी एकदा अकरा हिअरचा अर्ज दिला होता आणि चौथ्या दिवशी दिवा लागला होता. त्या आठवड्यात सगळ्याच गल्लीत नवे दिवे लागले, ही गोष्ट त्यांच्या बायकोनं, शकुबाईंनी, लक्षात आणून दिली होती. पण मोठ्या माणसाच्या घरात अशी एखादी खोट काढणारी व्यक्ती असतेच.

तर अशा या मधुकररावांच्या एकुलत्या एक मुलीचं, गुंजनचं, लग्न जुळलं. गुंजन वर्ध्यात एका लॅबमध्ये रक्त तपासायची. मुलगा तळेगावचा, नाव नयन. शिकलेला आणि शिकूनही शेतीत रमलेला. त्याचे वडील चंद्रभान आणि आई सखूबाई वांगी, पालक, सांबार लावत आणि आजूबाजूच्या बाजारांत विकत. कोथिंबिरीला सांबार म्हणणारी माणसं म्हणजे आपलीच माणसं! पाहण्याचा कार्यक्रम झाला, पोरांना पोरं पसंत पडली, आयांना आया पसंत पडल्या. तीन आठवड्यांनंतरच्या रविवारी नालवाडीला साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, ठरलं.

निघताना चंद्रभान व्याह्यांना हात जोडून म्हणाले, "इवाईबुवा, यादी तेवढी तुमीच लिहून पाठवजा. तुमी कोर्टातले मानसं. आमचं अक्षर म्हंजे कोंबडीचे पाय!"

यादी म्हणजे दोन्हीकडचं ठरलेलं लिहून ठेवणं. माणसं किती येणार, मांडव कोणाचा, साडी कोणाची. यादीवर दोन्ही व्याह्यांच्या सह्या झाल्या की लग्न पक्कं. आपल्याकडे एवढ्या एका कागदावर पिढ्यान्पिढ्या संसार उभे राहिले आहेत. शकुबाईंनी चहा गाळता गाळता तोंडी यादी सांगूनही टाकली. "पन्नास मानसं, एक साडी, वांग्याची भाजी, देनंघेनं काई नाई. लिवा वहीच्या कागदावर अन् द्या फोटो काढून पाठवून."

"वहीच्या कागदावर?" मधुकरराव ताडकन उठले. "माया एकुलत्या एक पोरीची यादी वहीच्या कागदावर? अवो, ते मानसं मले कोर्टातला समजून राह्यले!"

त्यांनी टाइपरायटरवरचं फडकं काढलं. कपाटातून कोर्टाचा हिरवा लांब कागद काढला. हनुमानाला नमस्कार केला आणि बोटं सोडली!

इथे एक खासगी गोष्ट सांगायला हवी. मधुकररावांना या शब्दांचा अर्थ येत नव्हता. त्यांचे टाइपिंगचे गुरुजी सांगत, "टाइपिस्टानं मजकुराचा अर्थ वाचला का हात चुकते." ही आज्ञा त्यांनी एकतीस वर्षं पाळली. वकीलसाहेब लिहून देत, हे बडवत. आपल्याकडे जसं नावाआधी रा. रा. लावतात, तसे साहेब लोक हिअर लावत असावेत, अशी त्यांची पक्की समजूत होती. मोठ्या माणसांच्या कागदात हिअर जास्त असत, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. म्हणजे तो मानाचा शब्द! जितके हिअर, तितका मान. म्हणून चंद्रभान यांच्या एकट्याच्या नावाभोवती त्यांनी चार हिअर लावले. सखूबाईंच्या भोवती तीन. जावयाला दोन, कारण जावई अजून लहान होता. सगळे मिळून सत्तावीस!

मधली वाक्यं त्यांनी जुन्या कागदांतून बोटांच्या सवयीनं घेतली. शेवटी एक लांबलचक वाक्य यायचंच, ते ठोकल्याशिवाय मशीनमधून कागद बाहेर काढल्याचं त्यांना आठवत नव्हतं. तेही ठोकलं. आणि कागद पाकिटात घालून स्पीड पोस्टानं, पोच मागून, तळेगावला रवाना केला. फोटो काढून पाठवायला ते काय वांग्याचे भाव होते!

"फोन करून सांगा तरी, कागद येऊन राह्यला म्हनून," शकुबाई म्हणाल्या.

"लेखी चालू असताना तोंडी बोलू नाई," मधुकररावांनी कायदा सांगितला.

नवव्या दिवशी उत्तर आलं. आर्वीच्या एका वकिलाच्या नावाचं पाकीट, आत हिरवा कागद आणि कागदभर इंग्रजी! मधुकररावांनी उभ्या उभ्याच मोजायला सुरुवात केली. एक, दोन, पाच, आठ... चौदा हिअर! त्यांचे डोळे भरून आले.

"आयकून राह्यली का? खानदान पाय कसं हाय! आपन कागद पाठवला तं त्याइनं वकिलाकून उत्तर पाठवलं. हिअरटूफोरही हाय याच्यात! माया नावाच्या अंगानं दोन हाय!"

"पन लिवलं काय हाय?" शकुबाईंनी विचारलं.

"मान लिवला हाय, अजून काय लिवनार!"

त्यांनी तो कागद कोर्टातल्या आवाजात मोठ्यानं वाचला. गुंजन तेव्हा डबा भरत होती. लहानपणापासून हे शब्द तिनं मिक्सरच्या आवाजासारखे ऐकले होते. मिक्सर काय म्हणतो आहे, हे कोणी कान देऊन ऐकतं का? ती डबा घेऊन निघून गेली.

चौदाला चौदानंच उत्तर देणं म्हणजे कंजूषपणा. मधुकररावांनी पुन्हा हिरवा कागद चढवला. या वेळी एकतीस हिअर! उत्तराला उत्तर देताना वकीलसाहेब जो मजकूर हमखास घालत, तो त्यांच्या बोटांना पाठच होता. तोही घातला. पाकीट पुन्हा तळेगावला.

इकडे गुंजनचा चेहरा मात्र उतरत चालला. नयन रोज सकाळी तिला शेतातल्या फुलांचे फोटो पाठवायचा. वांग्याचं फूल, भेंडीचं फूल, एकदा तर नुसतीच फुलकोबी. ते फोटो बंद झाले. तिनं विचारलं, तर उत्तर नाही. फोन केला, तर उचलला नाही. तिसऱ्या दिवशी एवढंच आलं, 'बाबांनी बोलू नको म्हटलं आहे. रागावू नको.'

"बाबा, काहीतरी बिघडलं," ती म्हणाली.

"बिघडन कायले? हे पाय, किती प्रेमानं लिवून राह्यले!" मधुकररावांनी फाइलीवर थाप मारली.

साक्षगंधाला तीन दिवस उरले. पन्नास माणसांचा स्वयंपाकी ठरला होता, गुंजनची अबोली साडी फॉल-पिको होऊन आली होती आणि तळेगावहून दुसरं पाकीट आलं. या वेळी एकच पान, हिअर फक्त सहा.

"आखडता हात घेतला," मधुकरराव जरा नाराज झाले.

गुंजननं त्यांच्या हातातून कागद ओढून घेतला. तिनं दोन ओळी वाचल्या, भुवया आवळल्या, मग फोन काढून कागदावर धरला. तो फोन असा होता, की कोणत्याही भाषेचं मराठी करून दाखवायचा. ती वाचू लागली आणि तिचा आवाज बारीक होत गेला.

"'याद्वारे कळविण्यात येते की, यापूर्वी नमूद केलेल्या मुलीवर आमचे अशील चंद्रभान यांचा कोणताही हक्क नाही, पूर्वी नव्हता व पुढेही राहणार नाही...'"

शकुबाईंच्या हातातली चाळणी तशीच राहिली.

"अवो, हे मान हाय का?"

गुंजननं फाइलीची नाडी सोडली आणि वडिलांच्या पहिल्या कागदाची नक्कल फोनखाली धरली. "'यापुढे विरुद्ध पक्ष म्हणून संबोधण्यात येणारे चंद्रभान यांनी, यात यापूर्वी वर्णन केलेली मुलगी एक नग, साडी एक नग यांसह, रविवारी सकाळी अकरा वाजता ताब्यात घ्यावी. न घेतल्यास होणाऱ्या दिवाणी व फौजदारी परिणामांस विरुद्ध पक्ष सर्वस्वी जबाबदार राहील!' बाबा! तुमी नयनच्या बाबाले फौजदारीची धमकी देल्ली!"

"मी?" मधुकरराव म्हणाले. "मी तं त्याइले चार हिअर..."

"अन् हे दुसरं! 'आपला मजकूर खोटा, खोडसाळ व आम्हांस साफ नाकबूल आहे.'" गुंजननं फोन खाली ठेवला. "मी एक नग हाय का, बाबा?"

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती रडली. मधुकररावांनी आयुष्यात कित्येक लोकांच्या घरादाराचे निकाल टाइप केले होते, पण कागदातला मजकूर माणसाला कुठे लागतो, हे त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. त्यांनी तळेगावला फोन लावला, कोणी उचलला नाही. शुक्रवारभर लावला, तरी नाही.

शनिवारी सकाळी आर्वीमार्गे तळेगावची एसटी धरली. मधुकरराव, शकुबाई, गुंजन आणि वर्ध्याच्या गोरसपाक बिस्किटांचा डबा. रस्ताभर मधुकररावांची दहाही बोटं मांडीवर नुसतीच हलत होती.

चंद्रभान अंगणात बाजारासाठी सांबाराच्या जुड्या बांधत बसले होते. या तिघांना पाहून ते उठले, हातातली जुडी खाली ठेवली आणि पाठ करून उभे राहिले.

"राम राम, इवाईबुवा," मधुकरराव म्हणाले.

चंद्रभान आत तोंड करून ओरडले, "आवो, बाहेर ये! त्याइले म्हन, राम राम! अन् म्हन, वकिलानं मले विरुद्ध पक्षासंगं बोलू नको म्हनून सांगतलं!"

सखूबाई पदराला हात पुसत बाहेर आल्या. त्यांच्या नजरेत राग होता, पण पाहुणे उन्हातून आले होते. त्यांनी आधी पाणी आणलं.

"तुमी बोलता ते चालते का, मायबाई?" शकुबाईंनी विचारलं.

"केस याइच्या नावानं हाय," सखूबाई म्हणाल्या. "माया नावानं नाई."

मग बोलणं सुरू झालं ते असं. मधुकरराव चंद्रभान यांच्या पाठीशी बोलत, चंद्रभान सखूबाईंशी बोलत आणि सखूबाई तेच पुन्हा मधुकररावांना सांगत. तिघंही एकमेकांपासून चार हातांवर! दाराआडून नयन पाहत होता. गुंजननं त्याच्याकडे असं पाहिलं, की तो आणखी थोडा दाराआड सरकला.

"त्याइले इचार," चंद्रभान म्हणाले, "आमी काय पाप केलं होतं? पोरगी पसंत केली, एवढंच ना? आमच्या गावात हिरवा कागद आला का समजा वावर गेलं, नाई तं मानूस गेला! त्या कागदापाई आठ दिवस मी वांग्याले पानी नाई देल्लं!"

"आठ दिवस वांग्याले पानी नाई देल्लं म्हंते," सखूबाई म्हणाल्या.

"आयकलं मी," मधुकरराव म्हणाले. छातीवरचा हात केव्हाच खाली आला होता. "वैनी, त्याइले सांगा, ते चार हिअर मी त्याइच्या मानासाठी लावले होते."

"मान?" चंद्रभान गर्रकन वळले आणि वकिलाचा सल्ला पार विसरले. "फौजदारीचा मान?"

मधुकररावांनी एकदा बायकोकडे पाहिलं, एकदा पोरीकडे. वर्धा जिल्ह्यातला तिसरा आणि शेवटचा माणूस आता बोलणार होता.

"चंद्रभानभाऊ, मले त्याचा अर्थ येत नाई."

त्यांनी दोन्ही हात जोडले.

"एकाचाही नाई. एकतीस वर्षं मी नुसतेच बोटं आपटले. साहेब लिवून देत, मी ठोको. मले वाटे, मोठ्या मानसाच्या कागदात असते तं मानाचंच असंन. माई एकच पोरगी हाय. तिच्या सासऱ्याले जिल्ह्यात कोनी देल्ला नसंन असा मान द्याचा होता. तं मी त्याइले नोटिस देल्ली. चुकलं माहं. पोरीचं त्याच्यात काई नाई. तिले कागदासंगं फाडू नका."

एवढं बोलून ते खालच्या सांबाराकडे पाहत राहिले. गुंजननं त्यांच्या दंडाला धरलं.

आणि सखूबाईंना हसू फुटलं! आधी पदराआड, मग पदराबाहेर, मग त्या चक्क खाली बसल्या. "बाप्पा! अवो, मंग आपला वकील काय म्हने, सांगा नं त्याइले!"

चंद्रभान ओशाळले. डोक्यावरची टोपी सारखी करत म्हणाले, "आता काय सांगू? तो म्हने, काका, मलेबी याच्यातलं पुरतं समजून नाई राह्यलं. पन एवढा भारी कागद आला तं गप बसू नाई. उत्तर नाई देल्लं तं कबूल हाय असं धरतेत. म्हनून त्यानं पुस्तकात पाहून एका वावराच्या केसचं उत्तर उतरवून देल्लं. एक पोतं वांगे नेले त्यानं!"

"म्हंजे 'मुलीवर हक्क नाही'..."

"ते वावराचं होतं! त्यानं वावर खोडून पोरगी केली!"

आता मात्र शकुबाईंनाही आवरेना. दोन आया जुड्यांच्या ढिगाशेजारी बसून डोळे पुसत हसत होत्या आणि दोन बाप भिजलेल्या कोंबड्यांसारखे उभे होते. नयन दाराआडून बाहेर आला, तेव्हा त्याच्या हातात वांग्याचं फूल होतं. फोटो नव्हे, फूल! गुंजननं ते घेतलं आणि म्हणाली, "एक नग मिळाला."

यादी तिथेच झाली. ज्या वहीत चंद्रभान बाजाराच्या जुड्या मोजून ठेवत, त्या वहीचं पान गुंजननं फाडलं आणि मराठीत लिहिलं. पन्नास माणसं, एक साडी, देणंघेणं नाही, वांगी तळेगावची. चंद्रभान यांनी सही केली. मधुकररावांनी पेन हातात घेतलं आणि ते सहीच्या जागेवर थबकले. सगळ्यांना कळलं.

"एक टाका," चंद्रभान हळूच म्हणाले. "शोभते."

मधुकररावांनी सहीआधी बारीक अक्षरात एकच 'हिअरबाय' लिहिला. बरोबर होता की चूक, कोणास ठाऊक. त्यांना तर नव्हतंच.

रविवारी नालवाडीला साक्षगंध थाटात पार पडलं. गुंजनला अबोली साडी शोभून दिसत होती आणि नयन तिच्याकडे पाहायचं सोडून काहीच करत नव्हता. पंगतीला एक्कावन्न माणसं झाली. एक्कावन्नावे आर्वीचे वकील! तरुण होते, गोरेगोमटे, काळा कोट घालूनच आले होते. चंद्रभान यांनी त्यांना आग्रहानं आणलं होतं. शेवटी भानगडीतली निम्मी भाजी त्यांच्याही घरी शिजली होती.

जेवता जेवता वकील मधुकररावांच्या कानाशी आले. "काका, तुमचे दोन्ही कागद मी जपून ठेवले आहेत. आजकाल असं कोणी लिहीत नाही. एक विचारू? त्या तिसऱ्या ओळीतल्या हिअरइनबिफोरचा नेमका अर्थ काय?"

मधुकररावांनी काल भर अंगणात कबुली दिली होती. पण काल तिथे वकील नव्हते, आणि कोट नव्हता, आणि असं अदबीनं कोणी विचारलंही नव्हतं. त्यांचा हात आपोआप छातीकडे निघाला. त्यांनी खाकरून घसा साफ केला.

"त्याचं असं हाय, वकीलसाहेब..."

"सांगा नं," मागून आवाज आला. शकुबाई वाढायला उभ्या होत्या. "पस्तीस वर्षं झाले लग्नाले. मीबी आयकते."

मधुकररावांचा हात छातीवर न थांबता तसाच पुढे गेला आणि त्यानं शकुबाईंच्या हातातला डाव घेतला.

"वांग्याची भाजी घ्या, साहेब," ते म्हणाले. "थंडी होऊन राह्यली."